सॅन डिएगो: बाबांना हिस्टरी म्युझियम, गुंड्याला डॉग पार्क, एका वीकेंडात बसेल का?

सांगलीची_पोर:

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात अर्वाइनला राहतो, आई-बाबा सांगलीहून आलेत आणि येत्या शनिवार-रविवार त्यांना घेऊन सॅन डिएगोला जायचा विचार चाललाय. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण सवय जात नाही, त्यामुळे डिस्नीलँड नको, हॉलिवूडच्या त्या फरशीवरच्या चांदण्या नकोत, "ह्या गावात आधी कोण राहत होतं ते दाखव" असं चाललेलं असतं. आईचे गुडघे दुखतात, ती सपाट रस्त्यावर आरामात चालते पण जिने दिसले की खाली बसते. आणि तिसरे पाहुणे म्हणजे आमचा गुंड्या, लॅब मिक्स, दोन वर्षांचा, अंगात भयंकर रग, रोज मोकळं पळायला मिळालं नाही तर रात्री हॉटेलची गादी फाडेल अशी खात्री आहे. नवरा म्हणतो गुंड्याला बोर्डिंगला टाकू, पण बाबांचा त्याच्यावर इतका जीव बसलाय की ते म्हणाले मग मी पण घरीच थांबतो.

तर प्रश्न असा की एखादं चांगलं हिस्टरी म्युझियम आणि कुत्र्याला मोकळं सोडता येईल अशी जागा जवळजवळ कुठे आहे का? म्हणजे अर्धा दिवस गाडीत बसून इकडून तिकडे करत फिरायला नको. गुगल केलं तर पन्नास याद्या आल्या, सगळ्या एकमेकींच्या कॉप्या. कुणी खरंच जाऊन आलेलं असेल तर सांगा प्लीज.

किनाऱ्यावरचा_गडी:

बाल्बोआ पार्क. विषय संपला.

बरं, थोडं नीट सांगतो. बाल्बोआ पार्क म्हणजे शहराच्या मधोमध जवळपास १२०० एकरांची जागा, १८६८ मध्येच सिटीने बागेसाठी राखून ठेवलेली. तेव्हा तिथे नुसती झुडपं आणि खडकाळ घळी होत्या, नंतर केट सेशन्स नावाच्या बाईंनी १८९२ पासून पार्कातली थोडी जमीन नर्सरीसाठी भाड्याने घेतली आणि भाड्याच्या बदल्यात दरवर्षी १०० झाडं पार्कात लावायची असा करार केला, आज जी जुनी मोठी झाडं दिसतात त्यातली बरीच त्यांची पुण्याई. मग पनामा कालवा उघडला त्या निमित्ताने १९१५-१६ ला इथे मोठं प्रदर्शन भरलं, त्यासाठी एल प्राडो नावाच्या रस्त्यावर ह्या स्पॅनिश नक्षीच्या इमारती उभ्या केल्या. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक तात्पुरत्या होत्या, प्रदर्शन संपलं की पाडायच्या असंच ठरलेलं, पण गावाचा जीव गुंतला आणि पुढे पाडापाडी, जळणं, परत बांधणं असं करत त्या टिकल्या.

तुझ्या बाबांसाठी सॅन डिएगो हिस्टरी सेंटर, ते ह्याच रस्त्यावर कासा दे बाल्बोआ नावाच्या इमारतीत आहे. ही इमारत पण १९७८ च्या आगीत जळाली होती, आत्ता दिसते ती जुन्यासारखीच पुन्हा बांधलेली. म्युझियम फार मोठं नाही, दीड तासात निवांत होतं, म्हणजे गुडघ्यांच्या हिशोबाने बरंच. मला तिथले जुने फोटो आवडतात, त्यांच्याकडे फोटोंचा प्रचंड साठा आहे. आणि त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावर मॉडेल रेलरोड म्युझियम आहे, छोट्या आगगाड्या, डोंगर, पूल, बोगदे, अख्खा मजला भरून. लहान मुलांसाठी म्हणून लोक जातात आणि मुलं कंटाळली तरी आजोबा हलत नाहीत.

आता गुंड्या. ह्याच पार्कात मोकळं सोडायच्या तीन जागा आहेत, नेट्स पॉइंट, मॉर्ली फील्ड आणि ग्रेप स्ट्रीट. तुमच्यासाठी नेट्स पॉइंट, कारण ते पार्कच्या पश्चिम टोकाला कॅब्रिओ पुलाच्या अलीकडे आहे आणि तिथून पूल ओलांडला की थेट म्युझियमच्या रस्त्यावरच येता. चालत पंधरा-वीस मिनिटं, रस्ता सपाट. पुलावरून खाली खोल दरीत हायवे १६३ दिसतो, आईंना आवडेल. म्हणजे सकाळी आधी गुंड्याला दमवा, मग तो लीशवर (पट्ट्यावर) निमूट चालेल, एल प्राडोवर बाहेर कुत्री चालतात, फक्त आत नाही. एकाने बाहेर सावलीत कॉफी घेऊन कुत्र्याजवळ बसायचं, बाकीच्यांनी आत जायचं, मग पाळी बदलायची. आम्ही असंच करतो.

पार्किंगचं मात्र आधी बघून निघा. पूर्वी सगळं फुकट होतं, आता पैसे आणि नियम दोन्ही बदललेत, सिटीच्या साइटवर कुठल्या लॉटला किती ते दिलेलं असतं.

ठोंब्या_२:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. सत्तरीचे आई-बाबा इतक्या लांबचं विमान करून आलेत आणि तुम्ही त्यांना कुत्र्याच्या वेळापत्रकावर फिरवणार? डॉग पार्कात मी स्वतः एका काकांना पडताना बघितलंय, दोन मोठी कुत्री पाठशिवणी खेळत आली आणि मागून थेट पोटरीवर आदळली. गुडघेदुखीवाल्या माणसाला तिथे नेऊच नये. सरळ डॉगी डेकेअरला टाका दिवसभर, फक्त तिथे रेबीजबरोबर बोर्डेटेलाची (कुत्र्यांच्या खोकल्याची) लस पण मागतात, तिचा कागद घेऊन जा नाहीतर दारातून परत पाठवतील.

किनाऱ्यावरचा_गडी:

@ठोंब्या_२ पडण्याचं म्हणताय ते शंभर टक्के खरं. आईंना कुंपणाच्या बाहेर बाकावर बसवा, आणि आत जो कोणी असेल त्याने गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं आणि मोबाइल खिशात ठेवायचा, निम्मे अपघात मोबाइलमध्ये बघणाऱ्यांचेच होतात. पण डेकेअरचं पटलं नाही, बाबांनी स्वतःच सांगितलंय ना कुत्र्याशिवाय येणार नाही म्हणून, मग त्यांचं ऐकायचं का आपलं?

कूल_डूड_पुणे:

एवढं कशाला डोकं लावताय, ऑनलाइन २०-३० डॉलरला सर्व्हिस डॉगचं जॅकेट मिळतं, घाला आणि न्या आत म्युझियममध्ये, कुणी विचारत नाही. माझा मित्र सगळीकडे नेतो.

शेपूट:

@कूल_डूड_पुणे कृपया असले सल्ले देऊ नका. सर्व्हिस डॉग म्हणजे अपंगत्व असलेल्या माणसासाठी एखादं ठराविक काम शिकवलेला कुत्रा, नुसता जीव लावणारा कुत्रा नाही, इमोशनल सपोर्टवाला पण त्यात धरत नाहीत. आणि कॅलिफोर्नियात खोटं सांगून आपला कुत्रा सर्व्हिस डॉग म्हणून खपवणं हा गुन्हा आहे, १००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा दोन्ही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांसमोर हे नाटक कशाला हवंय. शिवाय असे जॅकेटवाले आत जाऊन भुंकतात आणि मग ज्या अंध माणसाला खरंच कुत्र्याची गरज असते त्याच्याकडे लोक संशयाने बघतात.

@सांगलीची_पोर, मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून चार गोष्टी सांगते, थोडं लांबेल.

सगळ्यात आधी सांगलीकरांसाठी खास सूचना: बेदाणे. तुमच्या बाबांच्या खिशात बेदाण्यांची पुडी असणार हे मी न बघता सांगते, आमचे सासरे तासगावचे. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, किडनी फेल होऊ शकते, आणि किती खाल्ले म्हणजे धोका हे कुत्र्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे "चारच दिले" ह्याला काही अर्थ नाही. भडंग पण नको, त्यात लसूण असतो, आणि कांदा-लसूण दोन्हीने कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. बाबांना प्रेमाने भरवायचंच असेल तर साधा भात नाहीतर गाजराचा तुकडा द्या म्हणावं.

दुसरं, कुसळं. उन्हाळ्यात इथलं गवत वाळलं की त्याची कुसळं कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात शिरतात आणि काट्यासारखी पुढेच सरकत जातात, मागे येत नाहीत. बागेतली हिरवळ ठीक आहे पण कडेच्या वाळलेल्या गवतात सोडू नका, आणि गाडीत बसवण्याआधी चारही पंजे उघडून बघा. अचानक सारखं शिंकायला लागला किंवा डोकं झटकायला लागला तर वाट बघू नका, दाखवा.

तिसरं, गाडीत ठेवून "दहा मिनिटांत येतो" अजिबात नाही. काच थोडी उघडी ठेवून काहीही फरक पडत नाही, बाहेर छान हवा असली तरी आतली गाडी तापते. कॅलिफोर्नियात अशा गाडीतलं जनावर जिवावर बेतलेलं दिसलं तर आधी पोलिसांना कळवून काच फोडायची मुभा रस्त्यावरच्या माणसाला पण आहे, आणि लोक फोडतात.

आणि हो, डॉग पार्कात लायसनचा बिल्ला आणि लसीकरण लागतं. माजावर आलेली कुत्री, अगदी लहान पिल्लं, मारकी कुत्री चालत नाहीत. ग्रेप स्ट्रीटला जाणार असाल तर पूर्ण कुंपण नाही असं धरूनच जा आणि तिथे वेळा ठरलेल्या असतात. हाक मारल्यावर गुंड्या येतो का? खरं सांगा.

सांगलीची_पोर:

@शेपूट ताई, बेदाण्यांचं वाचून घाम फुटला, बाबा रोज सकाळी भिजवलेले बेदाणे खातात आणि गुंड्या बाजूला लाळ गाळत बसलेला असतो. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले "मी कधी दिले नाहीत" पण ज्या वेगाने म्हणाले त्यावरून मला शंका आहे. डबा वरच्या कपाटात गेलाय.

हाक मारल्यावर येतो, पण बॉल दिसला नाही तरच. म्हणजे ग्रेप स्ट्रीट कटाप.

@ठोंब्या_२ राग नाही, मुद्दा बरोबर आहे, आई बाहेरच बसेल, तिला तसाही आत चिखल आवडत नाही.

बाबांना कासा दे बाल्बोआ दाखवलं फोनवर, म्हणाले शंभर वर्षांपूर्वीचं म्हणजे आपल्या वाड्याचं वय, त्याआधीचं काय?

रंगपेटी:

त्याआधीचं हवं तर प्रेसिडिओ टेकडी. १७६९ मध्ये स्पॅनिश लोकांनी कॅलिफोर्नियातलं पहिलं मिशन (म्हणजे पाद्र्यांची चर्चसकट वस्ती) आणि लष्करी ठाणं तिथे टाकलं, १७६९ म्हणजे आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे पुण्यात कारभार बघत होते, बाबांना असं सांगितलंत की लगेच जुळेल. टेकडीवर सेरा म्युझियम आहे, पांढरी मनोऱ्याची इमारत, दिसते मिशनसारखी पण आहे १९२९ ची, जॉर्ज मार्स्टन नावाच्या इथल्या व्यापाऱ्याने बांधून घेतली, हिस्टरी सेंटरची संस्था पण त्यांनीच १९२८ मध्ये सुरू केली. खरं मिशन पाच वर्षांत दरीत पाच-सहा मैल आत हलवलं आणि १७७५ ला कुमेयाय लोकांनी हल्ला करून ते जाळलं. "आधी कोण राहत होतं" ह्याचं उत्तर म्हणजे हे कुमेयाय, हजारो वर्षांपासून इथलेच, आणि आजही काउंटीत त्यांच्या वस्त्या आहेत. पाट्या वाचताना मिशनवाल्यांची बाजू जास्त कळते, ह्यांची कमी, बाबा शिक्षक आहेत तर त्यांना ते पाट्या वाचूनच कळेल. टेकडीच्या पायथ्याला ओल्ड टाउन आहे, स्टेट पार्क, फिरायला तिकीट नाही, जुनी मातीच्या विटांची घरं, बाहेरच्या बाहेर लीशवर कुत्रं चालतं. आत घरांमध्ये नाही.

पण मी खरं तर दुसरंच सांगायला आले होते. बाल्बोआ पार्कात जाताय तर सॅन डिएगो म्युझियम ऑफ आर्ट चुकवू नका. इथे भारतीय चित्रांचा, मिनिएचरचा म्हणजे लघुचित्रांचा, एक फार मोठा संग्रह आहे, १४०० हून जास्त चित्रं, मुघल, राजस्थानी, पहाडी आणि आपली दख्खनीसुद्धा. हे सगळं एडविन बिनी तिसरे ह्या माणसाने जमवलं आणि ते गेल्यावर १९९० मध्ये म्युझियमला आलं. आणि हे बिनी म्हणजे क्रेयोला खडूवाल्या बिनींचे नातू! मुलांच्या खडूंच्या पैशातून अकबर-जहांगीरच्या काळातली चित्रं विकत घेतली गेली असं म्हणायला हरकत नाही. सगळी एकदम मांडत नाहीत, कागद आणि रंग उजेडाने खराब होतात म्हणून थोडी थोडी आलटून पालटून लावतात, त्यामुळे त्या दिवशी काय लावलंय ते साइटवर बघून जा. आमच्या आईला तिकडे एका चित्रातल्या बाईची नथ दिसली आणि मग अर्धा तास तिथून हललीच नाही, गार्ड पण हसायला लागला.

जहाजी_काका:

पोरी, रविवारचं मी सांगतो. सकाळी उठून आधी ओशन बीचच्या डॉग बीचला जा. १९७२ पासून तिथे कुत्री मोकळी सोडतात, देशातल्या अगदी पहिल्या अशा समुद्रकिनाऱ्यांपैकी एक, चोवीस तास उघडा. लॅब मिक्स आहे म्हणतेस म्हणजे पाणी बघून वेडा होईल. पाण्याची बाटली मात्र न्या, खारं पाणी प्यायला की दुपारी गाडीत ओकतो, आणि जुने टॉवेल चार तरी लागतात. तुझ्या वाटेवर डेल मारला पण कुत्र्यांचा किनारा आहे पण उन्हाळ्यात तिथे लीश लागते.

मग बंदरावर. तिथे दोन म्युझियमं आहेत आणि दोन्ही तरंगणारी. यूएसएस मिडवे, विमानवाहू जहाज, १९४५ ला नौदलात आलं, १९९२ ला निवृत्त झालं, २००४ पासून म्युझियम. तिथे जुने नौसैनिक स्वयंसेवक म्हणून उभे असतात, तुझ्या बाबांनी फक्त एक प्रश्न विचारायचा, पुढचा तास त्यांचा. १९७५ मध्ये सायगाव पडत असताना एक दक्षिण व्हिएतनामी मेजर बायको आणि पाच मुलांना एका चिमुकल्या विमानात कोंबून ह्याच जहाजावर उतरला होता, जागा करायला कॅप्टनने लाखो डॉलरची हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलायला लावली. त्या विमानाचं नाव बर्ड डॉग, आत्ता विषय कुत्र्यांचा चाललाय म्हणून आठवलं. डेकवर जायला लिफ्ट आहे पण खालच्या मजल्यांवरचे जिने शिडीसारखे उभे आहेत, तुझ्या आईने तिकडे वळू नये.

दुसरं म्हणजे स्टार ऑफ इंडिया, शिडाचं जहाज, लोखंडी बांधणीचं, १८६३ चं. नाव वाचून आपण भारावतो पण ते नाव नंतरचं, १९०६ चं, आधी ते युटर्पी होतं. पण गंमत अशी की पहिल्या सफरी खरंच हिंदुस्थानच्याच, लिव्हरपूलहून कलकत्ता. पहिल्याच वेळी वेल्सच्या किनाऱ्याजवळ टक्कर झाली आणि खलाशांनी बंड केलं, दुसऱ्या वेळी बंगालच्या उपसागरात वादळात सापडलं आणि परतीच्या वाटेवर कप्तान वारला. त्यानंतर बरीच वर्षं न्यूझीलंडला माणसं नेली. अजून शाबूत आहे, अधूनमधून शिडं लावून बाहेर पण काढतात. दोन्ही जहाजांवर कुत्रा चालत नाही, पण बाहेर धक्क्यावर चालायला मस्त रुंद रस्ता आहे, नवऱ्याला आणि गुंड्याला तिकडे फिरू दे.

किनाऱ्यावरचा_गडी:

काका, रविवारी दोन जहाजं, एक समुद्र आणि परतीचा हायवे आय-५ चा ट्रॅफिक, आई दुसऱ्या दिवशी उठायची नाही. मी म्हणेन मिडवे किंवा स्टार, एकच. आणि बाल्बोआ शनिवारऐवजी रविवारी ठेवलंत तर दुपारी २ ला स्प्रेकल्स ऑर्गनचा फुकट कार्यक्रम असतो, उघड्यावरचा पाइप ऑर्गन, ५००० च्या आसपास नळ्या, १९१४ च्या शेवटच्या दिवशी गावाला अर्पण केलेला. साखरेच्या धंद्यातल्या दोन भावांनी दिलाय, म्हणजे सांगलीकरांना साखर कारखानदार आणि देणगी हे समीकरण समजावून सांगायला नको. लोक लीशवर कुत्री घेऊन मागे बसतात, फक्त पहिला मोठा सूर लागला की गुंड्या दचकेल, सुरुवातीला जरा लांब उभे राहा. बाजूलाच देशोदेशींच्या छोट्या कॉटेज आहेत, त्यात हाउस ऑफ इंडिया पण आहे.

सांगलीची_पोर:

ठरलं मग, शनिवारी डॉग बीच, स्टार ऑफ इंडिया आणि जमलं तर ओल्ड टाउन, रविवारी नेट्स पॉइंट, हिस्टरी सेंटर, ती चित्रं आणि ऑर्गन. मिडवे बाबांच्या पुढच्या वारीला. बाबांना कलकत्त्याचं वाचून दाखवलं तर आत्तापासून वहीत प्रश्न लिहायला घेतलेत.

एकच राहिलं, नेट्स पॉइंटपासून पूल चालायचा नसेल तर आईला दुसरं काही आहे का? आणि व्हेज जेवण?

रंगपेटी:

पार्कात फुकट ट्रॅम फिरते, इन्स्पिरेशन पॉइंटच्या लॉटला गाडी लावली तर तिथून आत सोडते, त्यात कुत्र्याचं मात्र ड्रायव्हरला विचारून घ्या. नाहीतर आई-बाबांना आधी तिकडे उतरवा आणि तुमच्यापैकी एकजण गुंड्याला घेऊन पुलावरून चालत या. जेवणाचं म्हणाल तर घरूनच धपाटे-चटणी न्या, हिरवळीवर चादर टाकून सगळेच बसतात. संध्याकाळी परतताना मिरामारला ब्लॅक माउंटन रोडच्या आसपास देशी दुकानं आणि हॉटेलं भरपूर आहेत, हायवेपासून फार आत नाही.

शेपूट:

धपाट्यात लसूण असतो. गुंड्याला वेगळा डबा.